जोडाशेजारची तांबूस रेघ

हंडा अर्धा घासून झाला होता. अर्धी बाजू सोन्यासारखी निघालेली, अर्धी अजून काळपट, आणि जाऊबाईंचे दोन्ही हात कोपरापर्यंत चिंचेनं आणि राखेनं भरलेले. मी अंगणाच्या फाटकातूनच सांगितलं, "बाई, वच्छलाच्या घरी टाकी आली. गुणवंतरावानं आणली चांद्याहून. अख्खी आळी पाहाले गेली."

"कायची टाकी?"

"स्टेनलेसची. तिले म्हणे कल्हई लागत नाई. जंग बी चढत नाई. तोंड दिसते म्हणे तिच्यात."

जाऊबाईंचा हात थांबला. "तोंड पाहाले वच्छलाले टाकी लागते? आरसा फुटला का तिचा?"

एवढं बोलून त्या उठल्या. हंडा तसाच अर्धा टाकला, हात धुतले, आणि घरच्या चुलीत रसरशीत निखारे असताना गोवरीचा तुकडा घेऊन वच्छलाकडे विस्तव मागायला निघाल्या.

ही सन सत्तावनच्या माघातली गोष्ट. सुगंधाबाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आमचं गाव ब्रह्मपुरीपासून बैलबंडीनं गेलं तर अर्ध्या सकाळचं. एका बाजूला धानाचे बांध, दुसऱ्या बाजूला जंगल सुरू होतं. भावाभावांच्या वाटण्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या, पण अंगण एकच राहिलं. त्यामुळे जाऊबाईंचं आयुष्य मी ओट्यावर बसल्याबसल्या पाहिलेलं आहे. पोथी वाचून झाली की मी वहीत रोजचं थोडं लिहिते; त्यात माझ्यापेक्षा त्याच जास्त येतात.

त्यांचा हेवा गावाला ठाऊक होता. त्याची कोणाला फारशी चीडही नव्हती, कारण त्या तो लपवत नसत. कोणाची म्हैस जास्त दूध द्यायला लागली की त्या घरी जाऊन पेलाभर दूध पिऊन यायच्या आणि म्हणायच्या, "पाणचट हाय, पण हाय बाप्पा भरपूर." कोणाच्या सुनेनं सुबक रांगोळी काढली तर उकिडव्या बसून ठिपके मोजायच्या आणि एखादा चुकलेला निघाला की समाधानानं घरी यायच्या. माझ्या मुलाला पाटीवरचं लवकर वाचता यायला लागलं तेव्हा मला म्हणाल्या, "लवकर वाचते थे पोट्टं लवकर चष्मा लावते, चंदे." मलाही लोकांचा हेवा वाटतोच. पण मी तो देवापुढे दिवा लावताना मनातल्या मनात वाटून घेते आणि दिवसभर तोंड बंद ठेवते. जाऊबाईंना तेवढा दम नसतो.

हंड्याच्या बाबतीत मात्र त्यांना कोणाचा हेवा वाटायचं कारणच नव्हतं. लोकांनाच त्यांचा वाटायचा. तो पितळी हंडा त्यांच्या बापानं आरमोरीहून लग्नात दिलेला, आणि गावात तेवढा मोठा दुसरा नव्हता. म्हणून चैत्रात गावदेवी मातामायच्या आंबिलीचा मान त्यांच्याकडे आला. आमच्या गावची रीत अशी, की चैत्रातल्या दर सोमवारी संध्याकाळी जवारीच्या पिठाची आंबील ताकात शिजवायची, मीठ घालायचं, आणि एकाच भांड्यात ओतून रात्रभर आंबू द्यायची. मंगळवारी सकाळी त्या घरच्या बाईनं ते भांडं डोक्यावर घेऊन डफड्याच्या तालावर देवळात जायचं. दारोदारच्या बाया तिच्या पायांवर पाणी घालतात. तेवढा वेळ ती बाई बाई नसते, मातामाय असते.

पण त्या मानाला एक धारही आहे. देवळाच्या पायरीआधी जिच्या डोक्यावरची आंबील गळली, तिला मातेनं नाकारलं असं धरतात. मग वर्षभर तिच्या घरचं पाणी कोणी पीत नाही. आमच्या सासूबाईंच्या काळात एकीचं असं झालं होतं. तिच्या घरी सोयरीक घेऊन आलेले लोक दारातूनच परत गेले, असं सासूबाई सांगायच्या.

जाऊबाईंच्या हातून कधी थेंब सांडला नाही. दुखणं निघालं ते हंड्यातच. आदल्या चैत्रात कल्हईवाला फिरकला नाही, जुनी कल्हई आतून उडालेली, आणि शेवटच्या मंगळवारची आंबील कळकली. हिरवट झाली, तोंडात धरवेना. लेकरं देवळामागं जाऊन ओकली. कोणी जाऊबाईंना तोंडावर काही म्हटलं नाही. पण त्याच वर्षी गुणवंतरावाची टाकी आली.

वच्छलाचा नवरा गुणवंतराव चांद्याकडे कागदाच्या कारखान्यात वेल्डर होता, राहायचाही तिकडेच. कागद पांढरा करायचं पाणी ज्या नळांतून वाहतं त्या नळांचे जोड तो द्यायचा. शिकाऊ असताना ज्या पत्र्यांवर हात बसवला, त्यातले मोडीत निघालेले तुकडे साहेबाला विचारून त्यानं घेतले, आणि सुटीच्या दिवशी बसून बायकोसाठी टाकी केली. गोल वळवलेला पत्रा, एक उभा जोड, खाली बुडाचा जोड, दोन बाजूंना दोन कड्या. चांद्याहून छोट्या आगगाडीनं ब्रह्मपुरीला आणि तिथून बंडीनं घरी आणताना त्यानं ती मांडीवरून खाली ठेवली नाही म्हणे.

विस्तव घेऊन परत आलेल्या जाऊबाईंनी निखारा अंगणातच विझू दिला. मी विचारलं, "कशी हाय जी टाकी?"

"कशी असन? डब्ब्यासारखी हाय. बाजूले शिवण मारल्यासारखा जोड हाय." मग त्या हंड्याजवळ बसल्या, काळी बाजू पुढे घेतली, आणि घासताघासता म्हणाल्या, "स्वतःच्या हातानं केली म्हणते त्यानं. बसून. सुटीच्या दिवशी."

ओट्यावर त्यांचे मालक, माझे भासरे सोमाजी, विडी ओढत बसलेले. जाऊबाईंनी तिकडे पाहिलं. "मले हंडा बापानं देल्ला. नवऱ्यानं काय देल्लं?"

"तुले नवरा देल्ला ना," सोमाजी म्हणाले आणि विडी घेऊन उठले.

चैत्राच्या तोंडावर देवळात बैठक झाली. दादाजी पुजारी म्हणाले, "माणसं वाढली, हंडा पुरत नाई. जंगलाकडच्या वस्तीची, टोल्याची माणसं येतेत तं आंबील सरलेली असते. अन मांगच्या सालचं तं तुमाले ठाऊकच हाय. वच्छलाची टाकी मोठी हाय, कल्हईची कटकट नाई. पण मातेले लोखंड चालत नाई. हे लोखंड होय का नोहोय, थे पह्यले ठरवा."

"लोखंडच होय," जाऊबाई बायांच्या घोळक्यातून म्हणाल्या. "घासून पांढरा केला म्हून कावळ्याचा बगळा होते का?"

वच्छला अंगानं बारीक, बोलणं हळू. "काकी, लोखंड असतं तं जंग चढला असता."

"नवी नवरी हाय आता. चार दिस सासरी राहू दे तिले, मंग पाहू."

"काऊन भांडता?" दादाजी म्हणाले. "सोनाराचं चुंबक आणा. लोखंड असन तं धरन."

सोनारानं चुंबक आणलं. टाकीच्या पोटावर ठेवलं, ते घसरून धुळीत पडलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा पडलं. मग त्यानं ते देवळाच्या बादलीला लावलं, तर चटकन चिकटलं आणि ओढून काढावं लागलं. बाया हसल्या, माणसांनी माना डोलावल्या. त्या चैत्रात आंबील वच्छलाच्या टाकीत आंबली. आंबील पांढरीशुभ्र निघाली आणि टोल्यावरच्या लोकांनाही पोटभर पुरली. डफडं वाजत आमच्या दारावरून गेलं तेव्हा जाऊबाईंनी रीतीप्रमाणे वच्छलाच्या पायांवर पाणी घातलं. एवढुसं. अंगठा भिजेल इतकंच.

त्या दिवसापासून जाऊबाईंना रोज विस्तव लागायला लागला.

रोज सकाळी गोवरी घेऊन त्या वच्छलाच्या स्वयंपाकघरात. वच्छला तेव्हा टाकी घासत असायची. नवऱ्याच्या हातची वस्तू, त्यातून देवाचं भांडं झालेली. ती तिला एक दिवस पारोशी राहू द्यायची नाही. देवाची तांब्या-पितळेची भांडी आपण जशी लख्ख करतो तशीच, चिंच आणि मीठ लावून, थोडा वेळ तसंच ठेवून, मग राखेनं. उरलेल्या वेळी त्यात ताक ठेवायची, कैऱ्यांच्या दिवसांत मिठातल्या फोडी ठेवायची. जाऊबाई बसून पाहायच्या. घरी येऊन मला सांगायच्या, "आज बी तोंड दिसलं."

पुढे पावसाळ्यात त्यांनी सोनाराकडून चुंबक मागून आणलं. कोंड्यात सुई पडली म्हणून. सुई काही पडली नव्हती. चुंबकाला दोरा बांधून पदराखाली लपवून त्या वच्छलाकडे गेल्या. वच्छला पाणी आणायला गेलेली. त्यांनी दोरा धरून चुंबक टाकीभोवती फिरवलं. पोटाजवळ ते नुसतं लोंबकळत राहिलं. पण उभ्या जोडाजवळ आलं तेव्हा थबकलं आणि हळूच जोडाला जाऊन टेकलं. जाऊबाई तशाच दादाजींच्या घरी गेल्या. मी सोबत होते.

"दादाजी, टाकीत लोखंड हाय. जोडात हाय. चुंबक वढते."

"जोर लावून वढते का?"

"नाई, हळू वढते. पण वढते."

दादाजी हसायला लागले. "सुगंधाबाई, चुंबक टाकीत नाई, तुमच्या पोटात हाय. माघापासून जीव टाकीलेच चिकटून हाय तुमचा."

ही गोष्ट गावभर झाली. पाणवठ्यावर पोरीसोरी त्यांना पाहून दोऱ्याला दगड बांधून फिरवायच्या. जाऊबाईंनी चुंबक सोनाराला परत दिलं नाही. शिंकाळ्यात ठेवून दिलं.

हिवाळा सरताना एक दिवस त्या विस्तव घेऊन आल्या. मला हाताला धरून मागच्या दारी नेलं. "चंदे, तिच्यावर रेघ उमटली."

"कायची रेघ?"

"तांबूस. जोडाच्या या बाजूनं एक अन त्या बाजूनं एक. जोड तं चकचकीत हाय, त्याले काई झालं नाई. बाजूलेच, बोटभर जागा सोडून. भांगाच्या दोन्ही बाजूले कुंकू सांडावं तशी दिसते."

त्यांचे डोळे चमकत होते. इतका आनंद मी त्यांच्या लेकीच्या लग्नातही पाहिला नव्हता. मी म्हटलं, "वच्छलाले सांगतलं?"

"सांगतलं ना. म्हणते, कुंकवाचा हात लागला असन काकी. अन चिंच-मीठ घेऊन बसली घासाले."

घासल्यावर रेघ गेली. काही दिवसांनी परत आली. पुन्हा घासली, पुन्हा आली, आणि दर वेळी थोडी गडद होऊन आली. वच्छला आणखी मीठ घ्यायची. जाऊबाई समोर बसून म्हणायच्या, "घास, अजून घास, जोर लाव." मिठानंच तिचं वाईट होत होतं हे दोघींपैकी एकीलाही ठाऊक नव्हतं. चिंच-मिठानं भांडं उजळतं, एवढंच आम्हा सगळ्या बायांना आयांनी शिकवलेलं.

दुसरा चैत्र आला. पहिले मंगळवार नीट गेले. शेवटच्या मंगळवारी टोल्यावरची माणसं येतात, पाहुणे येतात, देवळापुढे पाय ठेवायला जागा नसते. आणि वच्छलाच्या घरी वैशाखात तिच्या नणंदेचं लग्न ठरलेलं होतं. नवरदेवाकडचे दोघे-चौघे त्या मंगळवारी मुद्दाम येणार होते.

त्या सकाळी जाऊबाई विस्तवाला गेल्या त्या गोवरी न घेताच. कमरेवर हंडा होता. तो त्यांनी वच्छलाच्या दाराबाहेर भिंतीशी ठेवला आणि आत गेल्या. मी नैवेद्याची वाटी घेऊन मागून गेले. टाकीचं तोंड पिवळ्या फडक्यानं बांधलेलं, वर हळदकुंकू, आत आंबील. जाऊबाई खाली बसल्या. टाकीखालच्या सारवलेल्या जागेवर बोट फिरवलं, बोट नाकाशी धरलं.

"वच्छले, तुही टाकी गळून राह्यली."

वच्छला नवं हिरवं लुगडं नेसत होती. तिनं निऱ्या हातात धरूनच विचारलं, "काय म्हणता काकी?"

"खाली वल हाय. आंबट वास येते. मुंग्या आल्या, पाहून घे. अजून टाईम हाय. वतून घे दुसऱ्यात."

"दुसऱ्यात म्हंजे कायच्यात?"

जाऊबाईंनी दाराकडे पाहिलं.

वच्छला दाराशी गेली, बाहेर डोकावली, आणि परत आली. इतकी हळू बोलणारी पोर, पण तिचा आवाज चढला. "हंडा बी घेऊनच आल्या! कल्हई करून! काकी, तुमी पह्यले म्हणलं लोखंड हाय. मंग म्हणलं चुंबक वढते. मंग म्हणलं रेघ पडली. आता आज, सगळं गाव जमल्यावर, टाकी गळते?"

"मी खोटं बोलून राह्यली?"

"ढवळतानी सांडली असन रात्री. मी पुसते."

"मंग पूस," जाऊबाई म्हणाल्या. "मले काय करायचं हाय?" आणि हंडा उचलून ताडताड घरी आल्या. खरं सांगायचं तर त्या खोटं बोलत नव्हत्या आणि मान परत मिळावा म्हणूनच गेल्या होत्या. दोन्ही खरं होतं. वच्छलाला त्यातलं एकच दिसलं.

घरी येऊन त्यांनी हंडा पाण्यानं भरून दारात ठेवला. पाय धुवायला तांब्याभर पाणी पुरतं. मी विचारलं तर म्हणाल्या, "माहा हंडा आज दारात बी उभा राहू नये का?"

डफडं वाजायला लागलं. आळीच्या टोकाकडून मिरवणूक निघाली. पुढे दादाजी, मागे वच्छला, डोक्यावर टाकी, दोन्ही हात कड्यांना. तिच्यामागे बाया, मग माणसं. घराघरातून बाया पाणी घालत होत्या. आमच्या दाराशी यायच्या आधी दादाजींनी शेजारच्या घरापुढे आरती घेतली, आणि वच्छला पाठमोरी उभी राहिली.

हिरव्या लुगड्यावर, मानेपासून कमरेपर्यंत, एक पांढरी ओली रेघ उतरत होती.

मी जाऊबाईंकडे पाहिलं. त्यांनी ती माझ्याआधीच पाहिली होती. त्यांचा चेहरा असा उजळला, की मला मातामायची भीती वाटली. ओठ हलले. वर्षभर जे सांगत फिरल्या, ते सगळ्या गावापुढे खरं झालेलं त्या पाहत होत्या. एक शब्द बोलायचा होता फक्त. तोही नाही, नुसतं बोट दाखवलं असतं तरी झालं असतं.

वच्छला आमच्या दाराकडे वळली. तिलाही कळलेलं होतं. पाठीवरचं गार लागतंच की. तिच्या तोंडावर रक्त उरलं नव्हतं, आणि डोळे जाऊबाईंवर होते. हात कड्यांना, पदर दातांत. तिच्यामागे गर्दीत नवरदेवाकडचे फेटे दिसत होते.

जाऊबाईंनी तांब्या बाजूला सारला. अख्खा हंडा उचलला आणि वच्छलाच्या पायांवर न घालता तिच्या डोक्यावरून, टाकीवरून, पाठीवरून भसाभस ओतला.

डफडं थांबलं. बाया किंचाळल्या. दादाजी ओरडले, "सुगंधाबाई! येड लागलं का तुमाले?"

"काऊन? येड काऊन लागन?" जाऊबाई रिकामा हंडा कमरेवर घेऊन उभ्या. "आखरी मंगळवार होय. आमच्या माहेरी आखरी मंगळवारी मातेले नुसते पाय नाई धूत. अंघोळ घालते पुरी. तुमच्या गावात मातेले एवढं बी मिळत नाई का?"

आरमोरीला अशी काही रीत नाही. मी त्यांच्या माहेरी गेलेली आहे.

"वाजवा ना जी," त्या डफडंवाल्यावर खेकसल्या. "माता काय उनात उभी राहीन?"

डफडं वाजलं. पुढच्या घरच्या बाईला वाटलं, आपण मागे का राहायचं? तिनं घागर आणली. त्यापुढच्या घरी दोन घागरी. देवळापर्यंत वच्छला अशी न्हाऊन निघाली की तिच्या अंगावरून वाहणारं पाणी कुठलं आणि आंबील कुठली, हे शोधायला मुंग्याच लागल्या असत्या. जाऊबाई रिकामा हंडा घेऊन तिच्या पाठीला चिकटल्यासारख्या अगदी मागून चालत होत्या, आणि कोणी जवळ आलं की हंडा आडवा धरत होत्या. "सरका, सरका, धक्का लागन." टाकी पायरीवर उतरली तेव्हा आंबील फार कमी झालेली नव्हती. दादाजींनी पहिला द्रोण मातेपुढे ठेवला. नवरदेवाकडचा म्हातारा दोनदा मागून प्याला आणि म्हणाला, "रीत मोठी झक्कास हाय तुमच्या गावची."

देवळामागच्या चिंचेखाली वच्छला पदर पिळत होती. जाऊबाई तिथं गेल्या. मी होतेच.

"काकी," वच्छला म्हणाली, आणि पिळता पिळता पदर सोडला. मग म्हणाली, "काऊन व केलं?"

"तुह्या घरचं पाणी बंद झालं असतं तं मी विस्तवाले कुठी गेली असती?"

"तुमच्या चुलीत रोज विस्तव राह्यते. मले ठाऊक हाय."

"ठाऊक हाय तं देत काऊन होती?"

वच्छला रडता रडता हसली. जाऊबाई हसल्या नाहीत. "आयक. मान मले पायजे. आज बी पायजे. पण मातेनं तुले नाकारलं म्हून मले भेटला असं लोकाइनं म्हणावं? उरलासुरला खाणारी नोहोय मी. माह्या हंड्याच्या जोरावर घेईन." हंडा कमरेवर नीट घेत म्हणाल्या, "टाकी मातूर नवऱ्यानं केली तुह्या. थे काई मी वतून टाकू शकत नाई."

वैशाखात लग्नासाठी गुणवंतराव आला. वच्छलानं टाकी त्याच्यापुढे ठेवली. त्यानं अंगणात उन्हात धरून पाहिली, जोडाशेजारून नख फिरवलं. नखाला तांबूस भुकटी आली आणि एका जागी सुईच्या टोकाएवढं भोक निघालं. जाऊबाई समोर बसल्याच होत्या.

"जोड तं चांगला हाय तुहा," त्या म्हणाल्या. हे त्या टोमण्यानं म्हणाल्या की खरंच, मला कळलं नाही.

"जोड मजबूतच राह्यते काकी. बिघडते थे बाजूचं," गुणवंतराव म्हणाला. "जोड देतानी मधातलं वितळून एकजीव होते. पण शेजारची जागा नुसती तापते. साहेब सांगे, त्या तापण्यानं तिच्यातला जंग न चढायचा गुण कमी होते. आमच्या नळाइले बी असंच होते. पाहाले गेलं तं बाकी नळ नवा, अन जोडाच्या दोन्ही बाजूनं रेघ. तिथी आंबट-खारट लागलं का खाऊन टाकते." मग त्यानं वच्छलाकडे पाहिलं. "पण घरी इतक्या लवकर? काय ठेवत होती व हिच्यात?"

"ताक," वच्छला म्हणाली. "कैऱ्या. अन घासत होती मी. रोज. चिंच-मीठ लावून."

"मीठ? हिले मीठ?"

वच्छलाची मान खाली गेली. गुणवंतरावाला आणखी बोलायचं होतं, पण जाऊबाई मध्ये पडल्या. "तिले काय ठाऊक? टाकी आणून देल्ली, अन सांगतलं काय, तं तोंड दिसते म्हून! देवाचं भांडं बाई चिंचेनंच घासन. का तुह्या साहेबाले विचाराले चांद्याले जाईन?"

गुणवंतरावानं टाकी उचलून सावलीत ठेवली. रात्रीच्या जेवणाला त्यानं वच्छलाला स्वतः वाढून दिलं, असं जाऊबाईंनीच मला सांगितलं. कुठून पाहिलं कोण जाणे. ते सांगतानाचा त्यांचा आवाज आंबिलीपेक्षा आंबट होता.

लग्न आटोपल्यावर वच्छला स्वतः दादाजींकडे गेली आणि म्हणाली, टाकी जड होते, मान खांदे दुखतात, पुढच्या चैत्रापासून आंबील सुगंधाकाकीकडेच ठेवा; कमी पडली तर माझ्याकडचं मडकं भरून देईन. दादाजी आमच्या अंगणात आले आणि त्यांनी सुरुवात केली, "सुगंधाबाई, तुमची हरकत नसन तं..."

"हरकत नाई," जाऊबाई म्हणाल्या. दादाजींना पुढचं वाक्य बोलावंच लागलं नाही.

टाकीत आता वच्छला तांदूळ ठेवते. कोरडं ठेवलं तर तिला काही होत नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली, तांदळाला टोका नाही. जाऊबाईंच्या कणगीत यंदा टोके झाले. रोज सकाळी विस्तवाला जातात तेव्हा टाकीत हात घालून तांदूळ वर काढतात, तळहातावर पसरून पाहतात आणि येऊन मला सांगतात, "एक बी नाई व चंदे. एक बी किडा नाई."

आता माघ लागला. काल वच्छला सांगून गेली, कारखान्यात नवा पत्रा आला आहे, जोड दिला तरी शेजारून न खाल्ला जाणारा, आणि गुणवंतराव त्याचा तुकडा मागणार आहे. जाऊबाईंनी ऐकून घेतलं. हंडा खाली काढला, आत हात घालून सगळीकडे चाचपला, आणि एका जागी थांबल्या. कल्हई तिथं उडायला लागली आहे. यंदा कल्हईवाल्याची वाट पाहायची नाही असं त्यांनी ठरवलं. सोमाजींना बंडी जुंपायला सांगून झालं आहे. उद्या त्या हंडा घेऊन ब्रह्मपुरीला कल्हई करायला जाणार आहेत.